जरा बाजूला व्हाल का?

मिरा-भाईंदरला माणसं येतात ती फ्लॅट बघायला. याखेरीज इथे काही बघण्यासारखं असेल असा संशय बाहेरच्यांना येत नाही. आम्ही राहणारे सकाळी काळोखात स्टेशन गाठतो आणि रात्री काळोखात परततो, त्यामुळे गावाचा उजेडातला चेहरा आम्हाला फक्त रविवारी दिसतो, तोही भाजी आणताना. गावात कॅमेरा वापरतात ते इस्टेट एजंट. त्यांच्या फोटोत हॉल क्रिकेटच्या मैदानाएवढा दिसतो आणि खिडकीला खेटून उभी असलेली समोरची इमारत दिसतच नाही.

वास्तविक गावाकडे ऐवज आहे. महानगरपालिका 2002 सालची, पण घोडबंदरचा किल्ला पोर्तुगिजांचा. भाईंदर पश्चिमेला बावन जिनालय आहे, उत्तनला समुद्राकाठी वेलांकनी मातेचं तीर्थ आहे, मिरा रोडला इस्कॉनचं मंदिर आहे, नया नगरात रमझानच्या रात्री पाय ठेवायला जागा नसते आणि जेसल पार्कच्या चौपाटीवर छठपूजेला खाडी माणसांनी भरते. पण एवढ्याशा गावात एवढं सगळं आहे, हे आम्हाला कळलं ते आमच्या साडूंमुळे.

साडू पुण्याचे. निवृत्त झाल्यावर माणसं एकतर ज्येष्ठ नागरिक संघात जातात किंवा कॅमेरा घेतात. साडूंनी कॅमेरा घेतला. आधी कॅमेरा, मग लेन्सा, मग लेन्सांसाठी बॅग, मग बॅगेसाठी मोठी गाडी. ट्रायपॉड मेव्हणीबाईंच्या खांद्यावर असतो. आमची ही त्यांना ताई म्हणते, म्हणून मीही म्हणतो. साडूंनी कार्ड छापून घेतलंय : ‘छायाचित्रकार, ऐतिहासिक वास्तू व धार्मिक परंपरा’. यात वर्षभरातला प्रत्येक सणवार बसतो आणि महाराष्ट्रातला प्रत्येक धोंडा बसतो, त्यामुळे घरी थांबायला निमित्त उरत नाही.

त्यांचं एकच तत्त्व आहे. माणूस आला की फोटो गेला.

त्यांचा अल्बम मी पाहिलाय. पंढरपूरचं वाळवंट, एकही वारकरी नाही. जेजुरीच्या पायऱ्या, भंडाऱ्याची चिमूट नाही. नाशिकचं रामकुंड, पहाटेचा निळा उजेड आणि कोपऱ्यात एक कुत्रं. त्या कुत्र्याबद्दल साडूंना अजून हळहळ वाटते. हिने सगळा अल्बम चाळला आणि ताईंना हळूच विचारलं, “तुम्ही जाता तेव्हा नेहमी कर्फ्यू असतो का गं?” कर्फ्यू नसतो. साडू पहाटे चारला उठतात, ताईंनाही उठवतात आणि तरीही कोणी भाविक आधी येऊन बसला असेल तर त्याच्याजवळ जाऊन अत्यंत सभ्यपणे विचारतात, “जरा बाजूला व्हाल का?” पुण्याच्या सभ्यपणात एक जरब असते. माणूस संकल्प अर्धा टाकून उठतो.

यात साडूंचा दोष नाही, ही खोट फोटोग्राफीच्या जन्मापासूनची आहे. 1838 च्या सुमारास लुई दागेर या फ्रेंच गृहस्थाने पॅरिसमधल्या एका हमरस्त्याचा उंचावरून फोटो घेतला. रस्त्यावर भरपूर वर्दळ होती. पण तेव्हा प्लेटवर चित्र उमटायला काही मिनिटं लागत आणि तेवढ्या वेळात जे हललं ते पुसलं गेलं. घोडे गेले, गाड्या गेल्या, चालणारी माणसं गेली. उरला एक इसम, कारण तो बुटाला पॉलिश करून घेत एका जागी उभा होता. छायाचित्रात सापडलेला पहिला माणूस म्हणून आज त्याचा जगभर उल्लेख होतो. नाव मात्र कुणाला ठाऊक नाही. साडू ज्या कामासाठी हल्ली एका ॲपला वर्गणी भरतात, ते दागेर फुकटात करत होता.

दागेरची ही कृती पॅरिसमध्ये जाहीर झाली ऑगस्ट 1839 मध्ये. आणि आमच्या खाडीपलीकडचा वसईचा किल्ला चिमाजी आप्पांनी घेतला मे 1739 मध्ये. पुऱ्या शंभर वर्षांची चुकामूक. झालं ते बरंच झालं म्हणायचं. नाहीतर बुरुजाला सुरुंग लावल्यावर कोणीतरी पुढे येऊन म्हणाला असता, “आप्पासाहेब, धूर चौकटीबाहेर गेला. परत एकदा उडवू या का?”

कॅमेरा नव्हता, म्हणून मराठ्यांच्या फौजेने वसईहून आठवण म्हणून घंटा नेल्या. चर्चच्या घंटा. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे, तिच्यावर 1721 साल आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर एक आहे, ती 1707 सालची आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. आता ती शंकराच्या दारात लटकते आणि कुणाचंच काही बिघडत नाही. साडूंनी या दोन्ही घंटांचे फोटो काढलेत, अर्थातच एकही माणूस न येऊ देता. आता त्यांना त्या घंटांचं माहेर हवं होतं. “वसई तुमच्या पलीकडेच ना? मग तुमच्याकडेच उतरतो,” असा फोन आला आणि भाऊबीज आटपून दोघं गाडीसह दाखल झाले.

वसई राहिली बाजूला. आधी आमचं गाव ‘करायचं’ ठरलं.

घोडबंदरला पहिली सकाळ. किल्ला छोटा, पण मानी. शिवाजी महाराजांच्या काळात मराठ्यांनी प्रयत्न केला तेव्हा हाती लागला नाही. 1737 च्या मोहिमेत लागला आणि 1818 नंतर इंग्रजांकडे गेला. मी ही माहिती देत असताना साडू बुरुजावर कोण बसलंय ते बघत होते. कॉलेजची मुलं-मुली बसली होती. किल्ला बांधण्यामागे पोर्तुगिजांचा हेतू काहीही असो, सध्या तो खाडीचा वारा खात एकमेकांच्या शेजारी बसण्याच्या कामी येतो, आणि आठशे-नऊशे फुटांच्या घरात सहा माणसं राहणाऱ्या गावात हे काम लहान नव्हे. साडू पुढे झाले. “जरा बाजूला व्हाल का?”

एका मुलाने तितक्याच सभ्यपणे उत्तर दिलं, “काका, तुम्हीच थोडे डावीकडे सरका ना. मघापासून आमच्या रीलमध्ये येताय.”

साडू डावीकडे सरकले. मी त्यांना पुण्याबाहेर इतक्या मुकाट्याने कुणाचं ऐकताना पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी खाडीकडे लेन्स वळवली, तर तिकडे वर्सोवा पूल. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आमच्या इथे या पुलावरून खाडी ओलांडतो. म्हणजे ओलांडायला निघतो. साडूंनी युक्ती काढली. लेन्सवर काळी काच चढवायची, शटर पुष्कळ वेळ उघडं ठेवायचं, म्हणजे दागेरसारखी सगळी वाहनं पुसली जातील आणि नुसता पूल, नुसती खाडी राहील. ताईंनी ट्रायपॉड उघडला. शटर उघडलं. आम्ही तिघं श्वास रोखून उभे. शटर मिटलं. फोटोत एकूण एक ट्रक आला होता, क्लीनरसकट. एका ट्रकच्या मागचं ‘हॉर्न ओके प्लीज’सुद्धा वाचता येत होतं. दागेरला पॅरिस पुसता आलं. घोडबंदरचा ट्रॅफिक त्याच्या बापाला पुसता आला नसता.

रात्री साडूंनी लॅपटॉप उघडला आणि किल्ल्याचा फोटो ‘स्वच्छ’ करायला घेतला. विजेच्या तारा गेल्या. वेफर्सची पाकिटं गेली. ती मुलं गेली, रीलसकट. मग त्यांनी बोटाने बुरुजामागचे टॉवर एकेक करून पुसायला सुरुवात केली आणि त्या जागी ॲपने मनानेच आकाश आणि थोडी झाडी लावून दिली. काम सुबक होतं यात वाद नाही. ही पोळ्या लाटता लाटता मागे येऊन उभी राहिली.

“भावोजी, तो उजवीकडचा तिसरा कुठला?”

“कुठला? आता पुसला तो?”

“हो. त्यात आपण बसलोय.”

साडूंनी निरखून पाहिलं. खरंच आमची इमारत होती. मी काही बोललो नाही. हप्त्याची अजून बरीच वर्षं बाकी आहेत, आणि बँकेकडे असं ॲप असतं तर किती बरं झालं असतं, एवढाच विचार मनात येऊन गेला. साडूंनी फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. नागपूरच्या आत्यांनी विचारलं, “वा! कोकणात कुठेशी?”

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, धारावीचा किल्ला बघू.

“एवढ्या लांब? सायनला?” साडू म्हणाले.

यात हसण्यासारखं काही नाही, सगळ्यांचंच तसं होतं. मुंबईतल्या धारावीतही किल्ला आहे, काळा किल्ला, आणि त्याच्यावर 1737 सालचा गव्हर्नर जॉन हॉर्नच्या नावाचा शिलालेख आहे. त्याच साली मराठे साष्टीत उतरले होते. पण आमची धारावी वेगळी. उत्तनच्या वाटेवर चौक नावाचं गाव आहे, तिथल्या टेकडीवर ती आहे आणि समोर खाडीच्या मुखापलीकडे थेट वसई. वसईला समुद्रातून मदत पोचू द्यायची नाही, तर ही टेकडी हातात हवी. म्हणून पोर्तुगीज आणि मराठे दोघंही तिच्यासाठी झुंजले आणि वसईच्या आधी मराठ्यांनी ती घेतली. मराठ्यांच्या इतिहासातली एवढी मोक्याची जागा, आणि रिक्षावाल्याला नाव सांगितलं की तो म्हणतो, धारावीला ट्रेनने जा.

आम्ही भर दुपारी पोचलो. अवशेष थोडे, झुडपं बरीच, आणि माणूस एकही नाही. साडूंनी ज्याची जन्मभर वाट पाहिली ती जागा. बाजूला हो म्हणायला कोणी नव्हतं. त्यांनी दोन-चार फोटो काढले, घड्याळ पाहिलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, “इथे काही घडतच नाहीये हो.” इतिहास इथे 1739 मध्ये घडून गेला, याला मी काय करणार?

घडलं ते संध्याकाळी, डोंगरी गावात. तिथे ईस्ट इंडियन समाजाची जुनी वस्ती आहे आणि एका लग्नघरचं ‘उंबराचं पाणी’ निघालं होतं. लग्नाच्या आधी वाजतगाजत विहिरीवर जायचं, नवऱ्यामुलाच्या न्हाणीसाठी पाणी भरायचं आणि वाजतगाजत परतायचं. बायका लाल लुगड्यांत, अंगभर सोनं, पुढे ब्रास बँड. साडूंचे डोळे भरून आले. कार्डावरच्या ‘धार्मिक परंपरा’ या शब्दांना समोरून चालत येताना ते प्रथमच बघत होते. गाडी तिथेच सोडून ते विहिरीकडे धावले, मागून ताई ट्रायपॉड घेऊन.

पण विहिरीवर आधीच एक पोरगा उभा होता. दाढी कोरलेली, एका हातात स्टँडवरचा कॅमेरा, दुसऱ्या हातात ड्रोनचं यंत्र. लग्नाचा व्हिडिओवाला. विहिरीतून पाणी काढणाऱ्या वयस्कर बाईंना तो सांगत होता, “आंटी, परत एकदा कळशी सोडा. आणि या टायमाला वर बघून हसा.” आंटींनी कळशी सोडली. पाणी काढलं. हसल्या. “आंटी, एकदम मस्त. आता सेम, पण ड्रोनसाठी.” आंटींनी पुन्हा कळशी सोडली. बँडवाल्यांनी तेच गाणं पुन्हा सुरू केलं. चौथ्या खेपेला आंटींनी कळशी काठावर आपटली आणि म्हणाल्या, “मेल्या, पाणी न्हाणीला हवंय, का तुझ्या पिच्चरला?” बँड थांबला. सगळे हसले. तो हसण्याचा क्षण व्हिडिओवाल्याच्या हातून निसटला. तो मेमरी कार्ड बदलत होता.

साडूंनी ती संधी साधली. “जरा बाजूला व्हाल का?”

“काका,” व्हिडिओवाला शांतपणे म्हणाला, “पैसे मी घेतलेत. तुम्ही पाव्हणे ना? तिकडे सरबत आहे.”

सरबत चांगलं होतं.

परवानगीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. 2018 च्या जुलैत केंद्रीय पुरातत्त्व खात्याने आपल्या वास्तूंच्या आवारात फोटो काढायला मोकळीक दिली. ताजमहालातली कबरीची जागा, अजिंठ्याची लेणी आणि लेहचा राजवाडा तेवढे वगळले. त्या बातमीचं कात्रण साडू पाकिटात ठेवतात आणि पार्किंगवाल्यालाही दाखवतात. देवळांपुढे मात्र हे कात्रण चालत नाही. गाभाऱ्याबाहेर मनाईची पाटी दिसली की साडूंचा चेहरा उतरतो आणि ताईंचा उजळतो. तेवढाच वेळ ते रिकाम्या हातांनी उभे असतात, त्यामुळे हात जोडले जातात. भाईंदरला जैन दीक्षेचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघाला होता तेव्हाही माझ्या लक्षात आलं, की सगळं सोडून चाललेल्या माणसाचे फोटो इतर कुणाहीपेक्षा जास्त निघतात, आणि त्या गर्दीत कॅमेऱ्याकडे न बघणारा तो एकटाच असतो.

छठच्या संध्याकाळी आम्ही जेसल पार्कला गेलो. तिथे साडूंचं तत्त्व बुडालं. खाडीच्या पाण्यात गुडघाभर बायका, हातात सूप, त्यात ऊस, केळी, नारळ, ठेकुआ; नाकापासून भांगापर्यंत केशरी सिंदूर. काठावर खांद्याला खांदा. कुणाला बाजूला व्हायला सांगणार? बाजूच शिल्लक नव्हती. आणि इथे सूत्रं व्हिडिओवाल्याच्या हाती नव्हती, सूर्याच्या हाती होती. तो एकदाच मावळला. साडू तेव्हा लेन्स बदलत होते.

वर केलं तोंड तर एक माणूस समोर मोबाइल धरून उभा. “अंकलजी, एक फॅमिली फोटो खींच देंगे?” साडूंनी काढला. गळ्यात एवढा मोठा कॅमेरा अडकवलेला माणूस बघून मागे रांग लागली. आरा, छपरा, दरभंगा इथल्या कुटुंबांचे फोटो त्यांच्यात्यांच्या मोबाइलवर काढून देता देता काळोख पडला. प्रत्येक फोटोत मागे दुसऱ्या कुटुंबातली पंधरा-वीस माणसं होती आणि कुणालाही ती पुसायची नव्हती. ताईंनी या वेळात आपल्या साध्या फोनवर एक फोटो काढला : साडू वाकून, एक डोळा मिटून, कुणाच्या तरी आजीला “थोडा हसिए” म्हणतायत आणि आजी ठेकुआ त्यांच्या तोंडाशी नेतेय. त्यांच्या घरी आता दर्शनी भिंतीवर हाच फोटो आहे. साडूंना त्यात क्षितिज तिरकं वाटतं.

जायच्या आदल्या दिवशी उत्तन. बंदरावर बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, होड्या रंगवलेल्या, सूर्य उतरणीला. साडूंनी धोरणात थोडी सवलत दिली. एखादी कोळीण चालेल, म्हणाले, परंपरा म्हणून. आणि माणसाला कळू न देता लांबून टिपायचं, म्हणजे भाव नैसर्गिक येतात. ते होडीआड दबा धरून बसले.

“ओ काका!” बोंबलांकडून हाक आली. “लपून कशाला काढता? इकडं या, नीट काढा.”

बाई पन्नाशीच्या. अंगात गाऊन, खांद्यावर टॉवेल. साडू होडीमागून उठले, पँट झटकली आणि अदबीने म्हणाले, “ते तुमचं पारंपरिक लुगडं असतं ना, ते नाही का?”

“हाय की. सणाला नेसते. बोंबील वाळवायला काय सोनं घालून येऊ?” मग त्यांनी कंबरेवर हात ठेवून चौकशी सुरू केली. “मागं एक आलेला तुमच्यासारखाच. फोटू काढून गेला. त्याला म्हणं बक्षीस लागलं. मला फोटू पन नाय दिला. तुम्ही आधी माझा नंबर घ्या. आन् फोटू काढायचा तर म्हावरं घ्यायला लागंल.”

साडूंनी नंबर घेतला. म्हावरंही घेतलं, सुके बोंबील, शंभराची गड्डी; ताई मासे खात नाहीत हे त्यांना त्या क्षणी आठवलं नाही. बाई ताठ उभ्या राहिल्या, केस सारखे केले आणि थेट लेन्सकडे बघितलं. साडूंनी मात्र बिनतोड चौकट साधली : मागे सगळा पश्चिम समुद्र, तांबडं आकाश, होड्यांच्या डोलकाठ्या, बोंबलांच्या रांगा आणि डाव्या कोपऱ्यात, एक तृतीयांशाच्या रेषेवर, बाई. पुण्याला पोचल्यावर त्यांनी दोन रात्री बसून त्यातले प्लॅस्टिकचे क्रेट, मोबाइलचा टॉवर आणि बाईंची जाऊ पुसली आणि फोटो कबूल केल्याप्रमाणे पाठवून दिला.

परवा त्यांचा फोन आला. आवाज दुखावलेला.

“अहो, तिने डीपीला लावलाय तो.”

“मग छानच की!”

“छान काय? सूर्यास्त कापला! होड्या कापल्या! समुद्र पुरता कापून टाकला. नुसता चेहरा ठेवलाय, आणि भोवती गुलाबांची महिरप.”

मी विचारलं, काही म्हणाल्या का त्या? हो म्हणाले, निरोप बोलून पाठवलाय. त्यांनी तो मला फोनवरच ऐकवला. मागे कोंबडा आरवत होता आणि कुणीतरी म्हावऱ्याचा भाव करत होतं.

“काका, फोटू बरा आलाय. पन तुम्ही लय लांबून काढता. फुडल्या टायमाला जवळ येऊन काढा, मागचं काय कामाचं नाय. आन् माझ्या जावंला कुठं घालवलीत? ती इचारतेय.”